मनोविकाराच्या गोळ्यांनी हात का थरथरतात?

घरच्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेणाऱ्या नातेवाइकांची एक तक्रार हमखास ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, आधी रात्र रात्र जागायचा, एकटाच बोलायचा, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायचा. गोळ्यांनी ते थांबलं खरं. पण आता हात थरथरतात, पाय घासत चालतो, चेहरा लाकडासारखा झालाय. या गोळ्यांनी मेंदूच खराब झाला का हो?" असे विचारणारे निदान विचारतात तरी. पुष्कळ जण काही न विचारता गोळ्या बंद करून टाकतात आणि काही महिन्यांनी रुग्णाला पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत घेऊन येतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. भ्रम आणि भास थांबवणाऱ्या गोळीने हात का थरथरावेत? मनाचा आणि हातापायांच्या हालचालींचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या संशोधनातून मिळाले ते शास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचे डॉ. आर्व्हिड कार्लसन. आणि त्या संशोधनाची सुरुवात ज्या औषधापासून झाली त्याचे मूळ आपल्या मातीत आहे, अगदी शब्दशः मूळ. सर्पगंधेचे.

सर्पगंधा हे आपल्या कोकणात व सह्याद्रीच्या रानातही आढळणारे लहानसे झुडूप. आयुर्वेदाला त्याचे मूळ पूर्वापार ठाऊक आहे. बिहारकडे तर त्याला लोक 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग होतो असा लेख लिहिला. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर पाहणी केली आणि १९४९ मध्ये तिचे निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. तेव्हा कुठे पाश्चात्त्य डॉक्टरांचे या मुळीकडे नीट लक्ष गेले. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९५२ मध्ये तिच्यातील प्रमुख द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. १९५४ मध्ये अमेरिकेतील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर रिसर्पिनचा उपयोग झाल्याचे जाहीर केले.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये आणखी एक औषध पुढे आले होते. क्लोरप्रोमाझिन. १९५२ मध्ये डॉ. डेले आणि डॉ. डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागणारे रुग्ण शांत होऊन बोलू लागले. त्याआधी गंभीर मनोविकारावर डॉक्टरांच्या हाती काय होते? कोंडणे, बांधणे, थंड पाण्याचे टब, इन्शुलिनने आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके. त्या मानाने गोळी देऊन रुग्ण शुद्धीवर राहून बरा होतो ही मोठीच क्रांती होती.

पण एक कोडे सर्वांनाच पडले होते. रिसर्पिन आणि क्लोरप्रोमाझिन या दोन औषधांची रासायनिक घडण एकमेकांशी मुळीच जुळत नाही. एक झुडपाच्या मुळातले, दुसरे कारखान्यात बनवलेले. तरीही दोन्हींनी भ्रम आणि भास ओसरत, आणि दोन्हींनी रुग्णाचे हात थरथरत, अंग ताठ होत असे. हुबेहूब कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णासारखे. दोन वेगळ्या किल्ल्यांनी एकच दार उघडत होते. मात्र ते दार कोणते, हे कुणाला माहीत नव्हते.

कार्लसन या कोड्याकडे वळले तेही काहीसे अपघातानेच. त्यांचा जन्म १९२३ मधला, उप्सालाचा. लुंडच्या विद्यापीठात डॉक्टर झाल्यावर ते शरीरातील कॅल्शियमवर काम करीत होते. वरच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा तज्ज्ञांच्या समितीने सांगितले की औषधशास्त्रात कॅल्शियमच्या अभ्यासाला फारसे महत्त्व नाही. जागा गेली. मग १९५५ मध्ये ते काही महिन्यांसाठी अमेरिकेला, बेथेस्डा येथील डॉ. बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे नुकतेच आढळून आले होते की रिसर्पिन दिल्यावर प्राण्याच्या मेंदूतले सेरोटोनिन नावाचे द्रव्य जवळजवळ नाहीसे होते. औषधाने मन बदलते आणि त्याच वेळी मेंदूतले एक मोजता येणारे द्रव्यही बदलते, हे प्रथमच एकत्र दिसत होते. (नोकरी नाकारणाऱ्या त्या समितीचे वैद्यकशास्त्रावर केवढे उपकार!)

इथे थोडे मेंदूविषयी सांगायला हवे. मेंदूत अब्जावधी मज्जापेशी असतात आणि त्या एकमेकींना निरोप देत असतात. दोन पेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती फट निरोप कसा ओलांडतो, ठिणगीसारखा विजेने की एखाद्या रसायनाच्या मदतीने? त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मेंदूपुरते तरी विजेच्या बाजूने होते. आज आपण जाणतो की बहुतेक ठिकाणी रसायनच काम करते. टपालाची उपमा घ्या. एक पेशी पत्रे लिहून पिशवीत भरून ठेवते. वेळ आली की ती फटीत सोडते. पलीकडच्या पेशीवर त्या पत्रांपुरत्या टपालपेट्या असतात, त्यांत ती पडली की निरोप पोचला. नंतर उरलेली पत्रे गोळा केली जातात किंवा फाडून टाकली जातात.

लुंडला परतल्यावर कार्लसन यांनी हिलार्प या सहकाऱ्याबरोबर पाहिले, तर रिसर्पिनने एकट्या सेरोटोनिनचीच नव्हे, तर नॉरअॅड्रिनॅलिन या दुसऱ्या द्रव्याचीही पिशवी रिकामी होत होती. मग प्राण्याची हालचाल बंद पडते ती नेमकी कशाच्या अभावाने? हे शोधायचा सरळ उपाय म्हणजे नाहीसे झालेले द्रव्य परत देणे. पण ही द्रव्ये रक्तात टोचली तरी मेंदूत शिरत नाहीत. त्यांचा कच्चा माल मात्र शिरतो. म्हणून १९५७ मध्ये त्यांनी सशांवर एक प्रयोग केला. सशांना रिसर्पिन दिले. ससे पडून राहिले, कान खाली लोंबले, ढकलले तरी हलेनात. मग डोपा हा कच्चा माल शिरेतून दिला. काही मिनिटांत कान ताठ झाले आणि ससे इकडेतिकडे हिंडू लागले! सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन असे काही घडले नाही.

आता साहजिकच वाटेल की डोपामुळे नॉरअॅड्रिनॅलिन परत भरले असणार. कार्लसन यांनी ते मोजले, आणि त्यांचे मोठेपण या मोजण्यात आहे. हिंडणाऱ्या त्या सशांच्या मेंदूत नॉरअॅड्रिनॅलिन अजूनही नव्हतेच. मग होते काय? डोपा आणि नॉरअॅड्रिनॅलिन यांच्या मधल्या पायरीवर एक द्रव्य बनते, डोपामिन. तोवर सगळे त्याला वाटेतला टप्पा समजत. त्याला स्वतःचे काही काम असेल असे कुणाच्या गावीही नव्हते. १९५८ मध्ये कार्लसन यांच्या चमूने दाखवून दिले की मेंदूत डोपामिन नेहमीच भरपूर असते, रिसर्पिनने ते जाते आणि डोपाने ते परत येते. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी पाहिले की डोपामिनचा मोठा साठा मेंदूच्या खोल भागात, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रात असतो. रिसर्पिनने हात का थरथरतात याचे उत्तर तिथेच मिळाले. कंपवातही याच केंद्रातला बिघाड असावा, असे कार्लसन यांनी तेव्हाच म्हटले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असे मात्र झाले नाही. १९६० मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांना हे पटले नाही. गंमत अशी, की मज्जातंतूंमधला निरोप रसायनाने जातो या शोधाबद्दलच डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले होते; पण तो शोध शरीरातल्या मज्जातंतूंचा. मेंदूलाही तो नियम लावायला ते तयार नव्हते. शंका मिटल्या त्या पुढच्या कामाने. हिलार्प आणि फाल्क यांनी मेंदूचे पातळ काप फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत ठेवून विशिष्ट प्रकाशात पाहण्याची युक्ती काढली. डोपामिन असलेल्या पेशी हिरव्या आणि सेरोटोनिनच्या पिवळ्या चमकू लागल्या. पत्रे कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत जातात याचा नकाशाच हाती आला.

तिकडे व्हिएन्नात डॉ. हॉर्निकीविच यांनी १९६० मध्ये कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर त्या केंद्रातले डोपामिन खरोखरच फार कमी झालेले होते. १९६१ पासून रुग्णांना डोपा देऊन पाहिले गेले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉ. कोट्झियास यांनी ते पोटातून भरपूर मात्रेत देण्याची पद्धत बसवली. आजही कंपवातावरचे मुख्य औषध तेच. वाचकांना आणखी एक नवल सांगतो. हा डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतो. मद्रासच्या संशोधकांनी तो १९३७ मध्येच त्यातून वेगळा काढला होता. म्हणजे सशाला पाडणारे औषधही आपल्या रानातले आणि त्याला उठवणारे औषधही आपल्याच रानातले! मात्र हे वाचून कुणी खाजकुइलीचे बी किंवा सर्पगंधेची मुळी घरी कुटून घेऊ नये. त्यात औषधाचे प्रमाण किती आहे हे बियाकडे वा मुळीकडे पाहून कळत नाही, आणि रक्तदाब एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

आता राहिले क्लोरप्रोमाझिन. हे औषध दिलेल्या प्राण्याच्या मेंदूत डोपामिन कमी झालेले नसते. मग हात का थरथरावेत? १९६३ मध्ये कार्लसन आणि त्यांच्या सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांना क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल देऊन मोजणी केली. डोपामिनचा साठा जागच्या जागी होता. पण वापरून झालेल्या डोपामिनचा 'केर' वाढला होता. यावरून त्यांनी बांधलेला तर्क फार सुंदर आहे. आपल्या टपालाच्या भाषेत सांगायचे तर, रिसर्पिन पत्रांची पिशवी रिकामी करते, तर क्लोरप्रोमाझिन पलीकडच्या टपालपेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावते. निरोप पोचत नाही म्हणून पाठवणारी पेशी आणखी पत्रे पाठवते. ती वाया जातात, म्हणून केर वाढतो. दोन्ही वाटांनी शेवट एकच, निरोप पोचत नाही. या टपालपेट्या, म्हणजे डोपामिनचे रिसेप्टर, प्रत्यक्ष दाखवता आले ते १९७० च्या दशकात. तेव्हा असेही दिसले की मनोविकाराचे जे औषध त्या पेट्यांना जितके घट्ट चिकटते तितका त्याचा डोस कमी लागतो. कार्लसन यांचा तर्क खरा ठरला.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मेंदूत डोपामिनच्या एकाहून अधिक वाटा आहेत. एक वाट हालचालींच्या केंद्राकडे जाते. दुसरी भावना, इच्छा आणि 'ही गोष्ट महत्त्वाची आहे' असे जाणवण्याच्या केंद्रांकडे जाते. स्किझोफ्रेनियात डोपामिनचे काम नको तितके वाढते, मग क्षुल्लक गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटतो; रस्त्यावरचा माणूस खोकला तरी ती आपल्यालाच खूण वाटते. औषधाने चिकटपट्टी लावायची ती तिथे. पण गोळी पोटात गेल्यावर तिला गल्लीचा पत्ता सांगता येत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि हालचालींच्या वाटेवरच्या पेट्याही बंद करते. म्हणून हात थरथरतात, पाय घासतात, चेहरा भावहीन दिसतो. मेंदू कुजलेला किंवा खराब झालेला नसतो. त्या वाटेवरचे टपाल तेवढे अडलेले असते. उलट बाजूचेही उदाहरण आहे. कंपवाताच्या रुग्णाला डोपाची मात्रा जास्त झाली की त्याला कधीकधी नसलेली माणसे दिसू लागतात. तराजूचे एक पारडे दाबले की दुसरे वर जाते.

हा तराजू सांभाळता येतो, हे नातेवाइकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. जिवंत माणसाच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन शास्त्रज्ञांनी मोजले आहे की साधारण ६५ टक्के पेट्या बंद झाल्या की भ्रम-भास ओसरू लागतात, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की ताठरपणा व थरथर यांची शक्यता वाढते. मधली पट्टी अरुंद आहे, आणि ती प्रत्येक माणसात थोडी वेगळ्या डोसाला सापडते. म्हणून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, औषध बदलतात किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी थरथरीवरची छोटी गोळी जोडतात. क्लोझापिनसारख्या काही औषधांनी थरथर फारच कमी होते. पण त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्या लागतात. नवीन औषधांपैकी काहींनी वजन आणि साखर वाढते. कोणतेच औषध फुकट काम करीत नाही.

काही घरांत उलटेच घडताना दिसते. मुख्य गोळ्या 'गरम पडतात' म्हणून बंद, आणि थरथरीवरची छोटी गोळी मात्र नेमाने चालू! ती आजारावरची नाहीच. शिवाय तिने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि म्हाताऱ्या माणसांना लघवी अडणे, भ्रमिष्टपणा येणे असे त्रास होऊ शकतात.

कार्लसन यांच्या शोधाने सगळे उलगडले असे समजू नये. 'डोपामिन वाढले की स्किझोफ्रेनिया आणि सेरोटोनिन कमी झाले की औदासीन्य' असे सूत्र पुष्कळदा सांगितले जाते. ते फार ढोबळ आहे. डोपामिनच्या औषधांनी भास थांबतात, पण रुग्णाचा निरुत्साह, एकटे राहणे, कामात लक्ष न लागणे यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे आजारात आणखी काही आहे. अनुवंश आहे, जन्माआधीच्या आणि वाढत्या वयातल्या घटना आहेत, गांजासारखी व्यसने आहेत. स्वतः कार्लसन पुढे ग्लुटामेट या दुसऱ्या द्रव्याकडे वळले, आणि डोपामिन सरसकट बंद न करता ते समतोलात आणणारी औषधे शोधत राहिले. औदासीन्यावर सेरोटोनिनच्या वाटेने काम करणारे झिमेलिडिन हे औषध त्यांच्याच प्रयत्नांतून आले. १९८२ मध्ये ते बाजारात आले आणि काही रुग्णांना मज्जातंतूंचा गंभीर विकार झाल्यामुळे १९८३ मध्ये मागे घ्यावे लागले. पण त्या जातीची पुढची औषधे आज जगभर वापरली जातात. सन २००० मध्ये पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्यासह कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हॉर्निकीविच यांना वगळले म्हणून दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले होते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणवत नाही. कार्लसन २०१८ मध्ये ९५ व्या वर्षी वारले. डोपामिनच्या पेट्यांना हातही न लावणारे स्किझोफ्रेनियाचे एक नवे औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. कार्लसन यांच्या १९६३ च्या तर्कानंतर वेगळ्या वाटेने जाणारे हे पहिलेच.

आता घरच्यांनी काय पाहायचे ते सांगतो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकाएकी वाकडी होणे, जीभ जड होणे किंवा डोळे वर फिरणे असे झाले तर घाबरू नका आणि बाहेरची बाधा म्हणून अंगारेधुपाऱ्यांत वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. एका इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो. रुग्ण एका जागी बसूच शकत नाही, सारखा येरझारा घालतो, पाय हलवतो, असे दिसले तर आजार वाढला असे समजून स्वतःच गोळी वाढवू नका. हाही औषधाचाच परिणाम असू शकतो, आणि गोळी वाढवल्यास तो बळावतो. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याचे ओठ, जीभ, जबडा चघळल्यासारखे आपोआप हलू लागले तर ते लवकरात लवकर डॉक्टरांच्या नजरेस आणा. आणि अंग लाकडासारखे ताठ, त्यात जोराचा ताप, घाम, शुद्ध हरपल्यासारखी अवस्था असेल तर पुढची गोळी न देता त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्या. हे क्वचितच घडते, पण जिवाला धोका असतो.

एरवी गोळी स्वतःहून बंद करू नये. त्रास काय होतो, कधीपासून होतो, गोळी घेतल्यावर किती वेळाने होतो हे कागदावर लिहून न्यावे. रोज गोळी घेण्यावरून घरात भांडण होत असेल तर काही औषधे दोन-चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शनाने देता येतात, तेही विचारावे. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, तेव्हा आपल्याच घरावर शाप आहे असे मानायचे कारण नाही. तज्ज्ञ लांब असतील तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.